रिको जीआर ३: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

रिकोचा जीआर ३ २०१९ साली बाजारात आला. समोरून पाहिलं तर साधा काळा ठोकळा. व्ह्यूफाइंडर (डोळा लावून बघायची खिडकी) नाही, झूम नाही, फ्लॅशही नाही. तरी जगभरचे रस्त्यावर फोटो काढणारे लोक या कॅमेऱ्यावर जीव टाकतात आणि तक्रारीही तेच सगळ्यात जास्त करतात. दोन्हीचं मूळ एकच आहे: एपीएस-सी आकाराचा, म्हणजे मोठ्या कॅमेऱ्यांत असतो तेवढा, सेन्सर (प्रकाश टिपणारी चिप) खिशात मावलाच पाहिजे, हा रिकोचा हट्ट. त्यापायी काय सोडलं आणि काय मिळवलं, हे पैसे मोजण्याआधी समजून घ्या. मला वारंवार विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

मोबाइल एवढे चांगले फोटो काढतो, मग हा कशाला?

दिवसाउजेडी काढलेला आणि मोबाइलवरच बघायचा फोटो असेल, तर फरक थोडाच दिसेल. तेवढीच गरज असेल तर पैसे वाचवा.

फरक पडतो तो पुढे. मोबाइल आपल्या छोट्या सेन्सरची उणीव भरून काढायला एकामागून एक फ्रेम घेतो, त्या जोडतो, सावल्या उजळतो, कडा धारदार करतो. फोटो चकचकीत होतो, पण केस, झाडाची पानं, साडीचा पोत असल्या गोष्टी मोठ्या पडद्यावर रंगवल्यासारख्या दिसू लागतात. जीआर ३ मध्ये सावली सावलीसारखी राहते. २४ मेगापिक्सेलचा फोटो सुमारे ६००० बाय ४००० पिक्सेलचा असतो, म्हणजे २० बाय १३ इंचांचा प्रिंट ३०० डीपीआयवर (इंचाला ३०० ठिपके) निघतो आणि जवळ जाऊन बघितला तरी टिकतो.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. मोबाइल हातात घेतला की त्यात निरोप येतात, फोन येतात, लक्ष फुटतं. हा कॅमेरा फोटोशिवाय काही करत नाही. एका अंगठ्यानं आणि एका तर्जनीनं सगळं चालतं, आणि चालू केल्यावर साधारण ०.८ सेकंदात पहिला फोटो घ्यायला तयार होतो.

‘मोठा सेन्सर’ म्हणजे नक्की किती मोठा?

एपीएस-सी सेन्सर सुमारे २३.५ बाय १५.६ मिलिमीटरचा असतो. लेन्स बदलता येणाऱ्या बहुतेक डीएसएलआर आणि मिररलेस कॅमेऱ्यांत हाच आकार असे, अजूनही असतो. खिशात मावणाऱ्या इतर महागड्या कॅमेऱ्यांत ज्याला एक इंची सेन्सर म्हणतात तो प्रत्यक्षात १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा असतो. क्षेत्रफळ काढलंत तर जीआरचा सेन्सर त्याच्या तिप्पट भरतो. जास्त क्षेत्रफळ म्हणजे तेवढ्याच वेळात जास्त प्रकाश गोळा होतो. अंधारात दाणे कमी दिसतात आणि फोटो नंतर उजळवला तरी रंग फाटत नाहीत.

हे सगळं बॅटरी आणि कार्डासकट २५७ ग्रॅममध्ये. जाडी ३३ मिलिमीटर. जीन्सच्या पुढच्या खिशात जातो, कुर्त्याच्या खिशात तर अलगद.

झूम अजिबात नाही? कसं जमायचं?

नाही. लेन्स १८.३ मिलिमीटरची, फुल फ्रेमच्या (जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मएवढ्या सेन्सरच्या) हिशोबात २८ मिलिमीटर. समोरचं बरंच काही फ्रेममध्ये येतं: माणूस, त्याचं दुकान, वरची पाटी, शेजारी उभं गिऱ्हाईक. म्हणून गल्ली, बाजार, घरातलं कार्य, प्रवास यासाठी ती छान आहे. चेहरा जवळून टिपायचा असेल तर तुम्हालाच जवळ जावं लागतं, आणि फार जवळ गेलात की नाक मोठं दिसतं. पक्षी, मैदानावरचे सामने, स्टेजवरचं नाटक यासाठी हा कॅमेरा नाही.

कॅमेऱ्यातच ३५ आणि ५० मिलिमीटरचा क्रॉप आहे, म्हणजे कॅमेरा फोटोचा मधला भागच कापून घेतो. त्यात अनुक्रमे १५ आणि ७ मेगापिक्सेल उरतात. ३५ चा क्रॉप मी बिनधास्त वापरतो. ५० चा फोटो स्क्रीनवर चांगला दिसतो, मोठ्या प्रिंटला मात्र कमी पडतो. जीडब्ल्यू-४ नावाची जोड लेन्स लावली तर २१ मिलिमीटरचा आवाका मिळतो. त्यासाठी आधी जीए-१ अडॅप्टर बसवावा लागतो, आणि मग कॅमेरा खिशात मावत नाही.

लेन्स खरंच एवढी चांगली आहे?

हो. माझ्या मते कॅमेऱ्याची अर्धी किंमत लेन्ससाठीच मोजावी. अ‍ॅपर्चर (प्रकाश आत सोडणारं छिद्र; आकडा लहान तितकं ते मोठं) एफ २.८ ला पूर्ण उघडं ठेवलं तरी मधला भाग कमालीचा धारदार असतो. एफ ५.६ वर कोपरेही सुधारतात. सरळ रेषा सरळ राहतात, म्हणून जुने वाडे, खिडक्या, जिने यांचे फोटो नंतर दुरुस्त करत बसावं लागत नाही. लेन्स बदलता येत नसल्यामुळे रिकोला ती याच एका सेन्सरसाठी आणि त्याला अगदी चिकटून बनवता आली.

ही परंपरा जुनी आहे. १९९६ च्या जीआर १ या फिल्म कॅमेऱ्यातही २८ मिलिमीटर एफ २.८ हीच लेन्स होती. पहिला डिजिटल जीआर २००५ साली आला, पण त्यात सेन्सर छोटा होता. एपीएस-सी सेन्सर २०१३ च्या जीआरमध्ये आला. जपानचे नामवंत छायाचित्रकार दाइदो मोरियामा वर्षानुवर्षं याच मालिकेचे कॅमेरे वापरत आले आहेत.

एक मर्यादा मात्र लक्षात ठेवा. शटर, म्हणजे प्रकाश क्षणभरच आत सोडणारा पडदा, लेन्सच्या आत आहे. एफ २.८ ला ते १/२५०० सेकंदापेक्षा वेगानं चालत नाही. भर दुपारी, आयएसओ (सेन्सर प्रकाशाला किती संवेदनशील ते) १०० वर, एफ २.८ ठेवायचं तर साधारण १/३२०० लागतो. मग फोटो पांढरा पडतो. यावर उपाय म्हणून आत दोन स्टॉपचा एनडी फिल्टर, म्हणजे प्रकाश चौथाईवर आणणारी काळसर काच, दिलेला आहे. तो ‘ऑटो’ वर ठेवा आणि विसरून जा. याच शटरमुळे फोटो काढताना आवाज जवळपास होत नाही, हा मोठा फायदा. कीर्तनात, वाचनालयात, झोपलेल्या बाळाजवळ हे फार जाणवतं.

स्नॅप फोकस म्हणजे काय? सगळे त्याचंच कौतुक का करतात?

कारण हा कॅमेरा त्याच्यासाठीच घ्यावा.

एरवी शटरचं बटण दाबलं की कॅमेरा आधी फोकस शोधतो, मग फोटो घेतो. त्या अर्ध्या क्षणात समोरच्या माणसाचं हसू बदलतं. स्नॅप फोकसमध्ये अंतर आधीच ठरवून ठेवायचं, जसं १, १.५, २, २.५ किंवा ५ मीटर. नंतर बटण एका झटक्यात खालपर्यंत दाबलं की कॅमेरा काहीही न शोधता थेट त्या अंतरावर फोटो घेतो. बटण अर्धं दाबलं तर नेहमीचा ऑटोफोकस चालतो. दोन्ही एकाच बोटाखाली. याला ‘फुल प्रेस स्नॅप’ म्हणतात.

हे चालतं कारण लेन्स लहान फोकल लेंग्थची, म्हणजे रुंद दृश्य टिपणारी, आहे आणि तिच्यात खोलवर फोकस मिळतो. आकडे बघा. एफ ५.६ वर २ मीटरला फोकस लावला तर सुमारे १.२ मीटरपासून ६ मीटरपर्यंत सगळं नीट दिसतं. एफ ८ केलं तर साधारण १ मीटरपासून पार ३५-४० मीटरपर्यंत. म्हणजे दिवसा एफ ८ आणि २ मीटर एवढं लावून ठेवलं की फोकसचा विचारच डोक्यातून जातो. वारीत दिंडी समोरून येत असते, कुणी फुगडी घालतं, कुणी पाणी वाटतं. तिथे फोकसची चौकट हलवत बसायला वेळ नसतो. नजर माणसांवर ठेवायची आणि बोट दाबायचं.

शिकायचं काय, तर अंतराचा अंदाज. दोन मीटर म्हणजे एक उंच माणूस आडवा झोपला तर जेवढी जागा घेईल, त्याहून थोडं जास्त. घरात टेप लावून दोन मीटर मोजा आणि तिथून दार केवढं दिसतं ते डोळ्यांत बसवा. आठवडाभरात हात तयार होतो.

मग ऑटोफोकस कसा आहे?

उजेडात ठीक. अंधारात चाचपडतो, पुढे-मागे जातो आणि कधी कधी हिरवी चौकट दाखवूनही चुकतो. धावणाऱ्या मुलांच्या मागे लागणं त्याला जमत नाही. चेहरा ओळखतो, पण आजच्या मिररलेस कॅमेऱ्यांसारखा डोळ्याला चिकटून राहत नाही. घरातली लहान मुलं हाच मुख्य विषय असेल तर स्नॅप फोकस वापरायची तयारी ठेवा, नाहीतर दुसरा कॅमेरा बघा.

रात्री, कमी उजेडात?

सेन्सर स्वतःच तीन अक्षांवर हलतो आणि हाताचा कंप शोषून घेतो. कंपनी चार स्टॉपचा दावा करते, म्हणजे शटर सोळापट हळू ठेवलं तरी फोटो हलत नाही. स्थिर वस्तू असेल तर १/८ सेकंदाला हातात धरून चांगला फोटो येतो, त्याहून हळूही जमतो. माणसं मात्र हलतात, त्यांना हा उपाय लागू नाही. तिथे आयएसओ वाढवावा लागतो. ३२०० पर्यंत मी निर्धास्त असतो, ६४०० चे दाणे मला आवडतात, विशेषतः कृष्णधवल फोटोत. त्यापुढे अगदी नाइलाज असेल तरच.

व्ह्यूफाइंडर नाही. उन्हात स्क्रीन दिसते का?

मे महिन्यातल्या दुपारी नीट दिसत नाही. स्क्रीन तीन इंची आहे आणि वळत किंवा उचलत नाही. मेनूत बाहेरच्या उजेडासाठी ब्राइटनेस वाढवायची सोय आहे, ती एखाद्या बटणावर लावून ठेवा. वरच्या हॉट शूवर (जोडसाहित्य बसवायच्या खाचेत) बसणारा ऑप्टिकल फाइंडर मिळतो. तो स्वच्छ असतो, फक्त त्यात फोकस किंवा एक्स्पोजर काहीच दिसत नाही. स्नॅप फोकस वापरणाऱ्याला ते चालतं.

चष्मा लागलेल्यांनी दुकानात कॅमेरा हातात धरून बघावा. चाळिशीनंतर हातभर अंतरावरची स्क्रीन आणि समोरचं दृश्य यांत नजर सतत बदलावी लागते आणि काहींना त्याचा खरोखर त्रास होतो.

बॅटरी किती टिकते?

वाईट. अधिकृत आकडा सुमारे २०० फोटोंचा आहे. स्क्रीन सतत चालू ठेवून भटकलात तर दुपारच्या जेवणापर्यंत धाप लागते. बॅटरीचं नाव डीबी-११०. आणखी दोन विकत घ्या, पातळ आणि हलक्या आहेत. चार्जिंग यूएसबी-सीवर होतं, त्यामुळे पॉवर बँक चालते. सलग वापरात कॅमेरा तळहाताला गरम लागतो. ते बिघाडाचं लक्षण नाही.

सेन्सरवर धूळ बसते म्हणतात. खरं आहे का?

खरं आहे, आणि विकणारा हे सांगणार नाही म्हणून इथे सविस्तर लिहितो.

कॅमेरा चालू केला की लेन्स पुढे येते, बंद केला की आत जाते. दर वेळी आत-बाहेर हवा खेळते. शरीराला कुठेही सील नाही. खिशातला कापसाचा धागा, रस्त्यावरची धूळ त्या हवेबरोबर आत जाते आणि कधी तरी सेन्सरवर बसते. बदलत्या लेन्सच्या कॅमेऱ्यात लेन्स काढून ब्लोअर मारता येतो. इथे लेन्स निघतच नाही. सेन्सर थरथरवून धूळ झटकायची सोय जीआर ३ मध्ये आहे, तिनं सुटे कण पडतात. चिकटलेला कण मात्र कॅमेरा उघडल्याशिवाय निघत नाही आणि हे काम जाणत्या कारागिराचंच आहे.

डाग आहे का हे तपासायचं असेल तर अ‍ॅपर्चर एफ १६ करा, फोकस मुद्दाम बिघडवा आणि कोऱ्या आकाशाचा किंवा पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा. राखाडी ठिपके दिसले तर धूळ आहे. एफ ४ ला ते बहुधा दिसणारही नाहीत, आणि एखादा ठिपका सॉफ्टवेअरमध्ये क्षणात पुसता येतो. एका ठिपक्यासाठी कॅमेरा उघडायला देऊ नका.

काळजी अशी घ्या: कॅमेरा पातळ पाऊचमध्ये ठेवा, उघडा खिशात टाकू नका. ज्या खिशात ठेवता तो अधूनमधून उलटा करून झटका. गुलाल, भंडारा, भुसा उडत असेल तिथे लेन्स सारखी आत-बाहेर करू नका. जेजुरीच्या सोमवतीला हा कॅमेरा नेणार असाल तर जीए-१ अडॅप्टरवर ४९ मिलिमीटरचा साधा फिल्टर लावून न्या. मग लेन्स अडॅप्टरच्या आतच हलते आणि बराच बचाव होतो.

पावसात वापरता येतो का?

नाही. रिमझिम असेल तर छत्रीखालून काढा आणि लगेच पुसा. मुसळधार पावसात बाहेर काढू नका. कोकणात आणि मुंबईत खरा धोका थेंबांइतकाच दमटपणाचा असतो. चार महिने कपाटात बंद पडलेल्या कॅमेऱ्याच्या लेन्समध्ये बुरशी धरते. हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवा, शक्यतो आतली आर्द्रता ४० ते ५० टक्के राहू द्या, आणि आठवड्यातून एकदा तरी कॅमेरा वापरा. रेल्वेच्या एसी डब्यातून एकदम बाहेर पडल्यावर काचेवर वाफ धरते. थोडा वेळ थांबा, लेन्स लगेच आत घेऊ नका.

व्हिडिओ?

फुल एचडी, सेकंदाला ६० फ्रेमपर्यंत. फोर-के नाही, माइकची जागा नाही. व्हिडिओसाठी हा कॅमेरा घेऊ नका.

फ्लॅश का काढून टाकला?

जीआर २ मध्ये छोटा फ्लॅश होता. जीआर ३ लहान करताना तो गेला. मला हे नुकसान वाटतं, कारण लग्नाच्या मांडवात किंवा उन्हाच्या सावलीत चेहरा उजळायला तो फार उपयोगी पडे. हॉट शूवर छोटा फ्लॅश लावता येतो. शटर लेन्समध्ये असल्यामुळे भर उन्हातही वेगवान शटरबरोबर फ्लॅश चालतो.

जेपीईजी काढू की रॉ?

दोन्ही चालू ठेवा. जेपीईजी म्हणजे कॅमेऱ्यानं रंग लावून दिलेला तयार फोटो, रॉ म्हणजे सेन्सरवरून आलेला कच्चा माल. जेपीईजीसाठी कॅमेऱ्यात रंगांच्या तयार छटा आहेत. ‘पॉझिटिव्ह फिल्म’ चे रंग दाट आणि उबदार येतात, ‘हाय-कॉन्ट्रास्ट ब्लॅक अँड व्हाइट’ मध्ये काळे भाग अगदी काळेकुट्ट होतात. पसंत पडलं नाही तर रॉ फाइल कॅमेऱ्यातच पुन्हा वेगळ्या रंगात डेव्हलप करता येते. रॉ डीएनजी स्वरूपात असते, त्यामुळे जवळपास कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडते. आतली मेमरी २ जीबी आहे. घरी कार्ड विसरलात तरी काही डझन फोटो हाती लागतात.

लोक फोटोला हरकत घेत नाहीत का?

मोठ्या कॅमेऱ्यापेक्षा खूप कमी. या कॅमेऱ्याकडे कुणाचं लक्ष जात नाही, आणि गेलं तरी जुना खिशातला कॅमेरा वाटतो. हे बळ जपून वापरावं असं मला मनापासून वाटतं. कुणी हात आडवा केला, मान वळवली, तर फोटो पुसून टाकावा. दुःखात असलेल्या किंवा रस्त्यावर झोपलेल्या माणसाचा फोटो लपून काढता येतो म्हणून काढू नये. फळवाल्या मावशींना मागचा फोटो दाखवला की त्या पुढच्या वेळी स्वतःच हाक मारतात.

जीआर ३ की जीआर ३एक्स?

३एक्स २०२१ साली आला. शरीर तेच, लेन्स ४० मिलिमीटरच्या तोडीची. माणसांचे फोटो, जेवणाचं ताट, एखादी वस्तू यासाठी ती जास्त नैसर्गिक वाटते. पण फोकसची खोली कमी होते, त्यामुळे स्नॅप फोकसमध्ये अंतराचा अंदाज जास्त नेमका लागतो. शिवाय जवळात जवळचा फोकस मॅक्रोमध्ये (अगदी जवळून फोटो काढायच्या मोडमध्ये) १२ सेंटिमीटर, जीआर ३ चा ६. मोबाइलवरचे तुमचे जुने फोटो बघा. बहुतेक फोटो क्रॉप केलेले असतील तर ३एक्स घ्या.

जीआर ४ साठी थांबू का?

जीआर ४ २०२५ मध्ये आला. सेन्सर नवा, सुमारे २६ मेगापिक्सेलचा. कंप शोषणारी यंत्रणा पाच अक्षांची झाली, लेन्स नव्यानं रचली, आतली मेमरी ५३ जीबी झाली, कार्ड मात्र मायक्रोएसडी लागतं. बॅटरी वेगळी, सुमारे २५० फोटोंची. व्ह्यूफाइंडर आणि पाण्यापासून संरक्षण अजूनही नाही. रात्रीचे फोटो जास्त काढत असाल आणि बजेट असेल तर ४ घ्या. उजेडातल्या फोटोंत ३ आजही मागे पडत नाही.

याच पैशांत दुसरं काय बघावं?

फुजीफिल्म एक्स १००सहा: ४० मेगापिक्सेल, ३५ मिलिमीटरच्या तोडीची एफ २ लेन्स, आणि डोळ्याला लावायचा सुंदर व्ह्यूफाइंडर. फिल्टर आणि अडॅप्टर लावला तर पावसाचा थोडा मारही सोसतो. पण वजन ५२१ ग्रॅम, जीआरच्या दुप्पट. तो गळ्यात अडकवायचा कॅमेरा आहे. सोनी आरएक्स १००सात मध्ये २४ ते २०० मिलिमीटरचा झूम आणि फार चपळ ऑटोफोकस मिळतो, सेन्सर मात्र एक इंची. सहलीला एकच कॅमेरा न्यायचा तर कुटुंबासाठी मी सोनी सुचवेन. लायका क्यू ३ फुल फ्रेम आहे, किंमत आणि वजन दोन्ही वेगळ्याच गावचं.

वापरलेला घेताना काय तपासावं?

आधी वर सांगितलेली एफ १६ ची धुळीची चाचणी, दुकानातच. मग कॅमेरा चार-पाच वेळा चालू-बंद करा. लेन्स अडखळली किंवा करकरली तर सोडून द्या. मागचं चाक फिरवून बघा, काही नगांत ते सैल होऊन एका टिचकीला दोन पावलं उड्या मारतं. मोबाइलच्या टॉर्चच्या उजेडात लेन्समध्ये बघा, जाळ्यासारखी पांढरट नक्षी दिसली तर ती बुरशी. मुंबईच्या फोर्टमधल्या दुकानांत बिलासह आणि बिलाशिवाय असे दोन भाव ऐकायला मिळतात. बिलाशिवायच्या नगाला वॉरंटी नसते, हे धरूनच घासाघीस करा. आणि कुठूनही घ्या, दुरुस्ती कोण करतं हे आधी विचारा.

घेतला! पहिल्या दिवशी काय लावून ठेवू?

डायल एव्हीवर (छिद्र तुम्ही ठरवता, शटर कॅमेरा), अ‍ॅपर्चर एफ ५.६. आयएसओ ऑटो, कमाल ६४००, किमान शटर १/२५०, म्हणजे चालणारी माणसं फोटोत पुसट होत नाहीत. फुल प्रेस स्नॅप चालू, अंतर २ मीटर. ऊन-सावली तीव्र असेल तिथे मीटरिंग (उजेड मोजायची पद्धत) हायलाइटवर, म्हणजे सगळ्यात उजळ भागावर, ठेवा, आकाश वाचतं आणि सावल्या रॉमधून वर येतात. हे सगळं डायलवरच्या यू १ मध्ये साठवा; यू १, २, ३ या तुमची सेटिंग्ज ठेवायच्या जागा आहेत. यू २ मध्ये रात्रीसाठी एफ २.८, किमान शटर १/६०, नेहमीचा ऑटोफोकस. यू ३ मोकळा राहू द्या. महिनाभरात काय हवं ते तुमचं तुम्हाला कळेल. मनगटाचा पट्टा मात्र पहिल्याच दिवशी लावा.